झग्यांची खिडकी

"असं आत नाही जाता येणार."

मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला अडवलं. तो जवळजवळ धावतच आला होता. निळा टी-शर्ट, खाकी हाफपँट, अनवाणी पाय, कपाळावर घाम.

"मी पर्यटक नाहीये," तो म्हणाला.

"गुडघे तर पर्यटकाचेच दिसतायत."

त्यानं खाली वाकून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. ते तिथं आहेत हे त्याला आत्ताच कळलं असावं.

"अहो, माझी एक म्हातारी आत राहिलीय."

"तुमची?"

"बसची."

मला हसू आलं, पण कामावर असताना मी हसत नाही. फळीवरची एक लुंगी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती टॉवेलसारखी कमरेला गुंडाळली, एक पाऊल टाकलं आणि ती सुटून पायाशी पडली. त्यानं उचलून पुन्हा गुंडाळली, पुन्हा तेच. दारात जोडे सांभाळणारे काका तोंडावर हात धरून हसायला लागले, मदतीला काही आले नाहीत. शेवटी मीच खिडकीतून अर्धी बाहेर वाकले, कापडाची दोन टोकं धरली आणि पक्की गाठ मारली. यात विशेष काही नाही, रोज किती जणांना बांधून देते. बाकीचे पुरुष अशा वेळी आकाशाकडे बघतात, नाहीतर मोबाईलकडे. हा माझ्या हातांकडे बघत होता.

"सुटणार नाही ना?"

"म्हातारी सापडेपर्यंत तरी नाही."

तो आत गेला. लुंगीत चालायची सवय नसल्यानं पावलं जवळजवळ टाकत, घाईघाईनं. मी त्याच्याकडे बघत राहिले, तेवढ्यात कोणीतरी खिडकीवर टकटक केलं आणि मी पुन्हा कामाला लागले.

माझं काम असं की, मोठ्या मशिदीच्या पर्यटकांच्या दाराशी, डाव्या हाताला भिंतीत एक खिडकी आहे, तिच्यात मी बसते. मशीद बघायला लांबून लांबून लोक येतात आणि ऊन आहे म्हणून जेवढे कमी कपडे घालता येतील तेवढे घालून येतात. मग दाराशी आल्यावर त्यांना पाटी दिसते. गुडघे झाकलेले हवेत, खांदे झाकलेले हवेत, बायकांचं डोकं झाकलेलं हवं, कपडा सैल हवा आणि त्यातून आरपार दिसता कामा नये. मग सगळे माझ्याकडे येतात. बायकांना पायघोळ झगा आणि स्कार्फ, पुरुषांना लुंगी. बघून झालं की परत करायचं. झगे माझी आत्या घरी शिवते, मी ते दिवसभर वाटते आणि संध्याकाळी हातानं धुते. शिवणाच्या मशीनवर आत्याचा जीव आहे, धुण्याच्या मशीनवर मात्र तिचा काडीचा विश्वास नाही.

काम वाईट नाही. सावलीत बसायचं असतं, माणसं दिसतात. फक्त माणसांना मी दिसत नाही. खिडकीशी आलेला माणूस झग्याकडे बघतो, त्याच्या लांबीकडे बघतो, रंगावरून नाक मुरडतो आणि जातो. जाताना माझ्या हातात मोबाईल देऊन "एक फोटो काढता का" म्हणतो. मी काढते. नवरा-बायको, मैत्रिणी-मैत्रिणी, आई-मुलगी... सगळ्यांना घुमटासकट नीट बसवून काढते. एवढ्या लोकांच्या घरी माझ्या हातचे फोटो असतील, पण त्यातल्या एकालाही मी आठवणार नाही. माझ्या मैत्रिणी लग्न करून एकेक करत गाव सोडून गेल्या. घरी आत्या आहे, पण आत्या बोलते तेव्हा मशीन चालू असतं आणि मशीन थांबतं तेव्हा तिला झोप आलेली असते. एकटं वाटतं का, असं कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. विचारलं मात्र कोणीच नव्हतं.

तो म्हातारीला घेऊन बाहेर आला. म्हातारी त्याच्या पुढे चालत होती आणि त्यालाच बोलत होती.

"मी काही हरवले नव्हते. बसले होते. गालिचा मऊ आहे, पाय दुखत होते, जरा डोळा लागला. तुम्हीच सगळे मला सोडून पुढे गेलात."

"हो आजी. चूक आमचीच."

"तर मग."

आजी बसच्या दिशेनं निघाल्या. त्यानं लुंगी सोडली आणि... मी बघतच राहिले. त्यानं तिची नीट घडी घातली. टोकाला टोक, काठाला काठ. माझ्या खिडकीवर लोक कपड्यांचे बोळे फेकतात. घडी घालून कोणी काही परत केल्याचं मला आठवत नव्हतं.

"छान घडी घालता."

"बसमधली पांघरुणं मीच घालतो. लोक उतरले की दुसरं काय काम असतं?" त्यानं घडी माझ्यापुढे ठेवली. पण जाईना. "एक विचारू? आत काय आहे हो?"

"म्हणजे? आत्ताच तर जाऊन आलात."

"मी म्हातारी शोधत होतो. खालीच बघत होतो. वर बघायचं राहिलं."

"याआधी कधी नाही गेलात?"

"बस सोडून कुठं जाणार? इथं लोकांना आणतो, उतरवतो, परत नेतो. राजवाडा असो, किल्ला असो, मला पार्किंग माहीत. पार्किंगचं विचारा, सगळं सांगेन."

"वर मोठा घुमट आहे," मी म्हटलं.

"तेवढं पार्किंगमधूनही दिसतं."

या वेळी मात्र मी हसले. कामावर असून हसले.

*

त्याची बस दर दोन-तीन दिवसांनी यायची. आधी मला दोन बसमधला फरक कळत नसे, सगळ्या सारख्याच धूळ उडवत येतात. आता भिंतीच्या वरून त्याच्या बसच्या टपाची निळी कड दिसली की मला कळायचं. लोक उतरायचे, हाफपँटी आणि उघडे खांदे घेऊन रांगेत उभे राहायचे, मी वाटपाला लागायचे. आणि सगळे आत-बाहेर करून बसकडे गेले की थोड्या वेळानं तो यायचा. हातात माझेच कपडे असायचे.

"तुमचे दोन झगे पळून चालले होते. पकडून आणले."

पर्यटकांचं हे नेहमीचं. अंगावर झगा आहे हे विसरूनच ते बसमध्ये जाऊन बसतात. पूर्वी असे झगे गेले ते गेलेच. आता हा बस सुरू करायच्या आधी आत एक चक्कर मारायचा, पळपुटे झगे गोळा करायचा आणि घडी घालून माझ्यापुढे आणून ठेवायचा.

"तुम्ही स्वतः कधी फुल पँट घालणार?" एकदा मी विचारलं. "दर खेपेला दाराच्या बाहेरच उभे राहता. घातलीत तर आत जाऊन वर बघून याल."

"इंजिन माझ्या मांडीला लागून आहे. फुल पँट घातली तर संध्याकाळपर्यंत उजवा पाय शिजून तयार."

"नुसत्या उजव्या पायाला घालू नका."

"डाव्या पायाला घातली तर चालेल? तुमच्या पाटीवर एका पायाचं काही लिहिलेलं नाही."

"पाटी लिहिणाऱ्याला तुम्ही येणार हे माहीत नव्हतं."

असं काहीबाही. त्यात काही अर्थ नसायचा. पण तो गेला की मी ते सगळं मनात पुन्हा एकदा बोलून बघायची आणि प्रत्येक वेळी मला त्याहून बरं काहीतरी सुचायचं. पुढच्या खेपेला सांगू म्हणून मी ते जपून ठेवायची. संध्याकाळी मोरीत झगे घासताना माझी तोंडातल्या तोंडात बडबड चालायची. आत्या मशीनवरून विचारायची, "कोणाशी बोलतेस गं?" मी म्हणायची, "कोणाशी नाही." ते खरंही होतं.

एकदा झगे देताना त्याचं बोट माझ्या हाताला लागलं आणि तो थांबला.

"हाताला काय झालंय?"

मी हात मागे घेतला. बोटांच्या पेरांवरची सालं निघाली होती, तळहाताला चिरा पडल्या होत्या. साबणानं पडतात. एवढ्या वर्षांत मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण त्यानं विचारलं आणि मला एकदम ते हात कुणी बघू नयेत असं वाटलं, आणि असं वाटलं की मी चिडते.

"काय होणार? तुमच्या बसचे लोक सगळ्यात वाईट. एकजण धड कपडे घालून येत नाही. तो तुमचा गाइड घुमटाचा सगळा इतिहास सांगतो, कोणत्या राजानं बांधला ते सांगतो, गुडघे झाका एवढं त्याला सांगता येत नाही? तुमच्या एका बसचे झगे धुवायला मला अख्खी संध्याकाळ लागते."

"मग मी सांगू का?"

"सांगा की. तुम्हीच सांगा. माइक तुमच्याकडेच असतो ना?"

मी आपलं चेष्टेनं म्हटलं. तो मात्र हसला नाही. मान हलवून निघून गेला.

*

पुढच्या खेपेला बस आली तेव्हा मी स्कार्फची चळत पुढे ओढून बसले होते. लोक उतरले. आणि मी बघितलं, सगळे झाकलेले. बायकांच्या गळ्यात ओढण्या, दाराशी आल्या की डोक्यावर घेतल्या. पुरुषांच्या फुल पँटी. एका जाड्या गृहस्थानं तर एवढ्या उन्हात कोट घातला होता. कोणी पाटी वाचायलाही थांबलं नाही. एकामागून एक माझ्या खिडकीवरून आत गेले, दोन-चार जण माझ्याकडे बघून हसले, एका बाईनं नमस्कारही केला. काका म्हणाले, "आज काय झालं काय यांना? मोजेसुद्धा फाटके नाहीत."

मला खूप हसू आलं. त्यानं खरंच सांगितलं होतं. तो आला की काय म्हणायचं ते मी ठरवलं. "शाळा काढलीत की काय?" असं म्हणायचं होतं.

तो आला नाही. येणार कसा? कोणी झगा घेतलाच नव्हता, तर पळणार कुठला आणि तो पकडून आणणार काय. लोक बसमध्ये बसले, निळी कड भिंतीवरून सरकत गेली.

त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच झालं, आणि त्याच्याही पुढच्या. त्याच्या बसमधले लोक इतके शहाण्यासारखे कपडे घालून यायचे की मला त्यांचा राग यायला लागला. एखाद्याचा तरी गुडघा दिसू दे, एखादीचा तरी खांदा... मी मनातल्या मनात म्हणायची. मशिदीच्या दारात बसून असली इच्छा करणारी मी पहिलीच असेन.

खिडकीत बसल्या जागेवरून पार्किंग दिसत नाही. फक्त भिंत दिसते आणि भिंतीवरून बसचा एक आरसा. त्या आरशात मला तो दिसत नव्हता आणि मी त्याला दिसत असेन की नाही कोण जाणे. मनात नाही नाही ते येत होतं. आपण जास्त बोललो. सगळ्यात वाईट म्हटलं, ते लागलं त्याला. किंवा लागलं वगैरे काही नाही, त्याच्या लक्षातही नाही. झगे आणून देणं हे त्याच्या कामातलंच होतं, काम संपलं, येणं संपलं. मीच वेडी, घडी घातलेल्या लुंगीवरून काहीतरी रचत बसले.

"आज धुणं कमी गं," आत्या म्हणाली. "बरं झालं. हात बघ कसे भरून आलेत."

आले होते खरे. बाकीच्या बसचे थोडेच झगे असायचे, खरा ढीग त्याच्याच बसचा. चिरा बुजल्या, पेरं मऊ झाली. संध्याकाळी मला वेळच वेळ असायचा. मी ओट्यापाशी बसून हात बघत राहायची आणि मला इतकं एकटं वाटायचं की त्या आधीचं सगळं एकटेपण काहीच नव्हतं असं वाटावं. आधी कोणी येणार नाही हे माहीत होतं. आता कोणीतरी यायचं आणि ते येईनासं झालं होतं.

*

उन्हाळा उतरणीला लागला, गर्दी पातळ झाली. अशाच एका दुपारी निळी बस आली. नेहमीप्रमाणे सगळे झाकलेपाकलेले आत गेले. एक बाई मात्र माझ्या खिडकीशी थांबल्या. पांढरे केस, सुती लांब कुर्ता, डोक्यावर ओढणी. बोलण्यावरून शाळेतल्या निवृत्त बाई वाटत होत्या.

"तुम्हाला काही लागणार नाही बाई," मी म्हटलं. "तुमचं सगळं बरोबर आहे."

"माहितीये. तुझे हात बघू."

"काय?"

"हात दाखव गं. बघायचेत मला."

मी काहीच न कळून हात पुढे केले. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, उलटसुलट करून बघितले.

"चांगले आहेत की. तो तर म्हणत होता सोललेत."

"कोण?"

"आमचा ड्रायव्हर. सकाळी निघताना माइक घेतला आणि सगळं सांगितलं. गुडघे झाका, खांदे झाका, बायकांनी डोक्यावर घ्यायला काहीतरी बरोबर ठेवा, पातळ नको, घट्ट नको, मोजे घाला कारण अंगणातली फरशी तापते. गाइडपेक्षा नीट सांगितलं हो. आणि मग म्हणाला, दाराशी खिडकीत एक बाई बसतात..."

"बाई?"

"बाईच म्हणाला. मला वाटलं माझ्या वयाची असेल. म्हणाला, त्यांच्याकडे झगे मिळतात, पण आपण मागायचे नाहीत. त्या रोज सगळे हातानं धुतात आणि त्यांच्या हातांची सालं जातात. एवढं सांगितलं आणि गप्पच झाला. बराच वेळ. माइक चालू होता, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, पट्टे लावा."

मी स्कार्फच्या चळतीवरून हात फिरवत राहिले.

"मी विचारलं त्याला, तुमच्या ओळखीच्या आहेत का त्या? तर म्हणाला, नाही." बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. बहुधा वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीकडे त्या तशाच बघत असाव्यात. "आज त्याची इथली शेवटची फेरी आहे म्हणे. उद्यापासून दुसऱ्या रस्त्यावर. मी आपलं सांगितलं."

आणि त्या ओढणी सावरत आत गेल्या.

पर्यटकांच्या वेळात मी कधी खिडकी सोडलेली नाही. ताप असताना सोडली नाही. त्या दिवशी मी मागचं दार उघडलं आणि बाहेर आले.

"काका, जरा खिडकीकडे बघा."

"मी? आणि कोणी झगा मागितला तर?"

"उंची बघून द्या."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मग सगळ्यात लांब असेल तो द्या."

काका आणखी काही म्हणणार होते, पण माझं तोंड बघून खिडकीकडे निघाले.

*

पार्किंग मी पहिल्यांदाच असं आत जाऊन बघत होते. नुसत्या बसच बस, आणि प्रत्येकीच्या सावलीत एकेक ड्रायव्हर. कोणी झोपलेला, कोणी मोबाईलमध्ये डोकं घातलेला. एवढ्या माणसांत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तो बसच्या पायरीवर बसून पांघरुणाची घडी घालत होता. मला बघून उठला, आणि घडी अर्धीच राहिली.

"कोणाचा झगा राहिलाय का?" त्यानं विचारलं.

"तुमच्या बसमधल्या कोणी घेतलाय का झगा?"

"नाही."

"गेल्या काही फेऱ्यांत घेतलाय?"

"नाही घेतला," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात जरासा अभिमानच होता.

मी दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "हे बघा. भरून आले."

त्यानं बघितलं. हात लावला नाही, नुसतं बघितलं आणि त्याचा सगळा चेहरा सैल झाला. "बरं झालं. मला वाटत होतं... म्हणजे कळायला मार्ग नव्हता."

"मार्ग कसा नव्हता? चार पावलांवर खिडकी आहे. येऊन बघायचं."

"कशाला येऊ? हातात काही नको?"

"नुसतं यायचं."

"नुसतं येऊन काय म्हणायचं?"

"माणसं म्हणतात तेच."

"मला माहीत नाही माणसं काय म्हणतात," तो म्हणाला. "माझ्याशी लोक दोनच गोष्टी बोलतात. एसी वाढवा आणि टॉयलेटला थांबवा. झगे असायचे तेव्हा बरं होतं. हातात काहीतरी असलं की मला बोलता येतं."

"मग माझ्यापर्यंत एकही झगा येऊ दिला नाहीत ते कशाला?"

"तुम्हीच म्हणालात. अख्खी संध्याकाळ जाते म्हणालात, हात बघितले मी..." तो थांबला. "मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. एवढंच होतं. तर ते केलं."

मला रडू यायला लागलं होतं आणि रागही येत होता. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चढतो.

"मी कामाची तक्रार केली होती, तुमची नाही. धुवायचे होते मला झगे. तुमच्या बसचे सगळे धुवायचे होते. संध्याकाळी धुताना मी तुमच्याशीच बोलायचे. आता धुणं नाही आणि तुम्हीही नाही आणि मी नुसती हात बघत बसते. मला एकटं वाटतं. आधीही वाटायचं, पण आता कोणासाठी ते माहीत आहे."

शेजारच्या बसच्या ड्रायव्हरनं मोबाईलमधून डोकं वर काढलं आणि पुन्हा खाली घातलं.

हातातलं पांघरूण त्यानं पायरीवर ठेवलं, मग परत उचललं. मला वाटलं, झालं. आता तो बरं म्हणेल, आणि मी परत जाईन, आणि उद्यापासून निळी कड आली तरी तिच्या खाली दुसराच कोणी असेल.

"डोंगराकडचा रस्ता दिलाय मला," तो म्हणाला. "तिथं बघायला काही नाही. लोक हवा खायला जातात. आठवड्याची एक सुट्टी असते. सोमवार देत होते. मी मागून शुक्रवार घेतला."

"का?"

"शुक्रवारी पर्यटकांना बंद असतं. म्हणजे तुमची खिडकी बंद."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"पाटीवर आहे. मी पार्किंगमध्ये बसतो हो, पाट्याच वाचतो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. शुक्रवार म्हणजे आठवड्यातला माझा सगळ्यात लांब दिवस. दुपारच्या नमाजाला सगळं गाव इकडे येतं, पर्यटक नसतात, मला काम नसतं. कोणी माझ्यासाठी तो दिवस मागून घेईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मागून घेतलात आणि मला सांगितलंही नाहीत?"

"सांगणारच होतो. प्रत्येक फेरीला ठरवायचो. बस लावायचो, आरसा तुमच्या खिडकीकडे वळवायचो, खिडकीचा कोपरा दिसायचा, मग लोक परत यायचे."

"आणि मी आत्ता आले नसते तर?"

त्यानं जरा विचार केला. "तर शुक्रवारी येऊन बंद खिडकीसमोर उभा राहिलो असतो."

"आणि मग?"

"मग परत गेलो असतो. अख्खी सकाळ जाते यायला, जायलाही तेवढाच वेळ लागतो. दिवस गेला असता."

तो हे इतक्या साधेपणानं म्हणाला की मला दिसलाच तो, बंद फळीसमोर उभा असलेला, हातात काही नाही. मी घरी मोरीपाशी बसलेली, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मी तोंड फिरवून ओढणीनं डोळे पुसले. निवृत्त बाई आणि बाकीचे लोक दारातून बाहेर पडताना दिसत होते.

"येताय का मग शुक्रवारी?" मी विचारलं.

"येतोय."

"खिडकीशी नको. बसस्टँडवर येईन मी."

"चालेल," तो म्हणाला. आणि मग, मी चालायला लागल्यावर, मागून म्हणाला, "मी नुसता येईन हं. हातात काही नसेल."

*

शुक्रवारी सकाळी मी कपाट उघडून बसले. आत्या चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली, एक झालं, दोन झालं, मी काढते आणि परत ठेवते.

"काय चाललंय?"

"काय घालू ते कळत नाहीये."

"तुला?" आत्यानं कप खाली ठेवला. "अख्ख्या जगाला सांगतेस काय घालायचं ते. अंगावरचं काय वाईट आहे? गुडघे झाकलेत, खांदे झाकलेत..."

"आत्या, मला मशीद बघायला नाही जायचं."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मग काही न विचारता स्वतःचं कपाट उघडलं आणि तळातून एक पिवळं कापड काढलं. कधीतरी तुझ्यासाठी घेतलं होतं, म्हणाली, पण तू कुठं जातच नव्हतीस. उलगडलं तर शिवून ठेवलेला ड्रेस होता. मला बरोबर बसला. आरशात बघताना मला भीतीच वाटली. इतकी वर्षं मी जे घातलं ते खिडकीच्या आत राहिलं, कोणी बघेल असा विचार करून मी कधी काही अंगावर चढवलं नव्हतं.

बसस्टँडवर मी खूप लवकर जाऊन बसले. डोंगराकडून एक बस आली, तिच्यातून सगळे उतरले आणि तो नव्हता. दुसरी आली, तिच्यातही नव्हता. बाकावर शेजारी कोणी नव्हतं. मनात आलं, पिवळा रंग घालून इथं एकटीनं बसण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. उठलेही होते.

तिसऱ्या बसमधून तो सगळ्यांत शेवटी उतरला. ड्रायव्हरच्या दारातून नाही, लोकांच्या दारातून, आणि कुठं जायचं ते न कळणाऱ्या पर्यटकासारखा इकडे तिकडे बघत. मग मी त्याला दिसले. त्याचे दोन्ही हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं, म्हणून मी त्यातला एक धरला.

माणूस समोर आला की तो काय घालून आलाय ते मी आधी बघते. मान खाली आणि नजर गुडघ्यांवर, इतक्या वर्षांची सवय आहे. पण त्या दिवशी त्यानं काय घातलं होतं, हे तुम्ही मला विचाराल तर मला सांगता येणार नाही.